मापसाहेबांचा पिस्टन

चांगली चाललेली वस्तू आणखी चांगली करायला जाणारा माणूस आणि झोपलेल्या कुत्र्याची शेपटी सरळ करायला जाणारा माणूस, या दोघांत फरक एवढाच की कुत्र्यावाल्याला आपली चूक लगेच कळते. मापसाहेबांना कळायला एक अख्खा पिस्टन खर्ची पडला.

मापसाहेब हे त्यांचं नाव नव्हे, तो त्यांचा रोग होता. ते वजनमाप खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांचे तराजू तपासायचे, वजनांवर शिक्के मारायचे आणि रतीभर खोट सापडली की आनंदाने गंभीर व्हायचे. ऑफिसातला हा रोग संध्याकाळी त्यांच्याबरोबर घरी यायचा. बायको स्वयंपाकघरातून "चिमूटभर मीठ घाला हो" म्हणाली, की हे डबा हातात धरून विचारायचे, "कुणाची चिमूट? तुझी की माझी?"

गाडी त्यांना सासऱ्यांनी दिलेली. बाकदार मडगार्डांची, गोल डोळ्यांची, वयाने मापसाहेबांहून मोठी आणि स्वभावाने बरी. तिच्यात खोट एकच होती: वेग दाखवणारा काटा खोटं बोलायचा. गाडी पळायची एका वेगाने आणि काटा दाखवायचा भलताच. साध्या माणसाने म्हटलं असतं, म्हातारी आहे, बोलू दे. पण दुसऱ्यांचे काटे तपासणाऱ्या माणसाच्या स्वतःच्याच गाडीत खोटा काटा? त्यांनी मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्रीने डॅशबोर्डामागे कोपरापर्यंत हात घातला, ओढाताण केली, दोन-चार ठोसे मारले, जुनी वायर काढून नवी घातली. काटा खरं बोलू लागला. मापसाहेबांना त्या रात्री गाढ झोप लागली. तशी झोप पुढे बरेच दिवस लागायची नव्हती.

कारण त्याच आठवड्यात गाडीतून टकटक यायला लागली. गाडी हळू चालली की हळू, पळाली की भरभर. टक, टक, टक. आणि संकटं कधी एकटी येत नाहीत, त्यांना फोन करूनच यायची सवय असते. सासऱ्यांचा फोन आला.

सासरे निवृत्त मुख्याध्यापक. फोनवरसुद्धा समोरचा उठून उभा राहील असा आवाज.

"जावईबापू, पुढच्या महिन्यात येतोय. स्टेशनवर माझी गाडी घेऊन या."

दिलेल्या वस्तूला 'माझी' म्हणणं हा सासऱ्यांचा जन्मसिद्ध हक्क असतो, म्हणून मापसाहेब गप्प बसले.

"धाकटे जावई मागतायत ती. म्हणतात, थोरल्यांकडे धूळ खात पडली असेल. मी म्हटलं, बघतो. नीट चालत असेल तर तुमच्याकडे राहील. खडखडत असेल तर त्यांच्याकडे जाईल. कळलं?"

"कळलं, बाबा."

"आणि या वेळी गाडीत माझं काही हरवू नका."

हा शेवटचा टोमणा समजायला थोडं मागे जावं लागेल. फार नाही. ज्या दिवशी सासऱ्यांनी गाडी सुपूर्द केली, त्या दिवशी ते शेजारी बसून आले होते. खालची कवळी टोचते म्हणून त्यांनी ती काढून समोर डॅशबोर्डावर ठेवली होती. घरी पोचल्यावर पाहतात तो कवळी गायब. गाडी धुंडाळली, सीट उचलल्या, रस्त्यावरून परत जाऊन पाहिलं. नाही म्हणजे नाही. सासऱ्यांनी निकाल दिला: वाटेत केळी खाल्ली, त्या सालांबरोबर जावयाने कवळी फेकली. तेव्हापासून कुठल्याही समारंभात चार पाहुणे जमले की सासरे मापसाहेबांकडे बोट दाखवून सांगायचे, "हे आमचे थोरले. यांनी माझे दात फेकले." दुसऱ्यांचं रतीभर कमी पकडणाऱ्या माणसावर बत्तीशीच्या निम्म्या ऐवजाचा आळ! अशा आळाला अपीलही नसतं, कारण न्यायाधीशच फिर्यादी.

साडूला गाडी कशाला हवी होती, तेही ऐका. त्याचं हॉटेल होतं. गाडीचं इंजिन काढायचं, बॉनेटच्या जागी माती भरायची आणि फुलझाडं लावून ती दारात ठेवायची, असा बेत होता. पैसेवाल्या माणसाला जुनी वस्तू आवडते ती अशी: मेलेली आणि फुलं वाहिलेली.

मापसाहेबांच्या बायकोने हे ऐकलं आणि हातातलं लाटणं खाली ठेवलं. "त्या गाडीच्या मागच्या सीटवर मी लहानाची मोठी झालेय. ताप आला की बाबा मला तिच्यात झोपवून गावभर फिरवायचे, तेव्हा कुठे माझा डोळा लागायचा. तिच्यात माती घातली ना, तर मी जाऊन त्या मातीत बसेन. मग घाला मला पाणी."

"अगं, पण आवाज—"

"तो काढा. काट्याला खरं बोलायला लावलंत ना? आता गाडीला गप्प करा."

रविवारी सकाळी सोसायटीच्या वाहनतळावर निदानाला सुरुवात झाली. आपल्याकडे माणूस आजारी पडला तर लोक नुसते सल्ले देतात, गाडी आजारी पडली तर बाह्या सरसावून येतात. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, बेअरिंग. वरच्या मजल्यावरच्या काकू गच्चीतूनच ओरडल्या, "आमच्या मिक्सरचा अस्साच आवाज यायचा, शेवटी फेकून दिला!" शेजारच्या ब्लॉकमधले दाताचे डॉक्टर इंजिनाकडे फिरकलेच नाहीत. ते आत बसले, डोळे मिटून ऐकलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "दात वाजतायत."

सगळे पोट धरून हसले.

"डॉक्टर, तुम्हाला सगळीकडे दातच दिसायचे!"

"थंडी वाजत असेल हो म्हातारीला, शाल घाला!"

"मी आवाजाबद्दल बोलतोय," डॉक्टर लाल झाले. "दिवसभर हेच ऐकतो मी."

पण हशा सुरू झाला की खरं बोलणाऱ्याचं कोण ऐकतो? एवढ्यात मिस्त्री आला. त्याने लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली, आणि मोठ्या घराण्यातला गवई षड्ज लावतो तसे डोळे मिटले.

"पिस्टन."

"नक्की?"

"साहेब, लोक मला फोन करतात, इंजिन मला पत्र लिहितं. तिसरा पिस्टन. उघडावं लागेल."

उघडावं लागेल हे शब्द डॉक्टर आणि मिस्त्री सारख्याच आवाजात उच्चारतात आणि ऐकणारा दोन्हीकडे सारखाच खिसा चाचपतो. मापसाहेब म्हणाले, उघडण्याआधी आत डोकावता येणार नाही का? प्लग काढला की भोक राहतंच. तिथेच दाताच्या डॉक्टरांनी आपली गेलेली अब्रू परत मिळवायची संधी पाहिली. धावत दवाखान्यात गेले आणि लहान मुलांचे दात तपासायचा चिमुकला आरसा घेऊन आले. दांडीच्या टोकावर नखाएवढा गोल.

"दाढेचा मागचा कोपरा दिसतो यातून," ते म्हणाले, "तुमचं इंजिन काय चीज आहे!"

आरसा भोकातून आत गेला. डॉक्टरांनी तो असा फिरवला, तसा फिरवला. "आ करा" म्हणायचं तेवढं बाकी राहिलं. "काळं आहे," त्यांनी जाहीर केलं, "खूप काळं आहे. स्वच्छता नाही." मग त्यांनी हात बाहेर काढला, हातात काय आहे ते बघितलं, झटकन खिशात घातला आणि म्हणाले, "दवाखान्यात पेशंट थांबलाय." आणि गेले. पेशंटसाठी त्यांना असं पळताना आजवर कुणी पाहिलं नव्हतं. तरीही कुणाला शंका आली नाही. शिकलेल्या माणसावरचा हा आंधळा विश्वास एक दिवस आपल्याला बुडवणार आहे.

तो दिवस तोच होता. आरशाचं डोकं दांडीला आट्यांवर बसवलेलं असतं. फिरवता फिरवता डॉक्टरांनी ते उलटं फिरवलं होतं. दांडी खिशात गेली होती, डोकं आत राहिलं होतं.

मिस्त्रीने प्लग बसवला. "एकदा रेस करून ऐकतो, साहेब." त्याने पाय दाबला. इंजिनातून जो आवाज आला तो टकटकीच्या पणजोबाचा होता. भांड्यांचं कपाट जिन्यावरून गडगडत यावं तसा. मग धूर. मग शांतता. मग गच्चीतून काकू: "मी म्हटलं नव्हतं, फेकून द्या!"

संध्याकाळी इंजिनाचं झाकण उतरलं. तिसऱ्या पिस्टनच्या माथ्यावर खड्डा पडला होता, कडेचा एक तुकडा निखळला होता, आणि खड्ड्याच्या मधोमध एक चिमुकला, तडकलेला आरसा रुतून बसला होता. मापसाहेबांनी वाकून पाहिलं. त्यातून त्यांचाच चेहरा त्यांच्याकडे बघत होता. चेहरा शहाण्याचा दिसत नव्हता.

"बघा," मिस्त्री छाती फुगवून म्हणाला, "मी पिस्टन म्हणालोच होतो!"

डॉक्टर रात्री जेवायच्या वेळी आले. दारात उभे. हातात नुसती दांडी. "मापसाहेब, मला वाटलं... फुंकर मारली की उडून बाहेर येईल."

मापसाहेबांना खूप बोलायचं होतं. पण समोरच्या माणसाने आधीच मान खाली घातलेली असली की शिव्यांचीही पंचाईत होते. त्यांच्या बायकोने डॉक्टरांना आत बोलावलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "आता तुम्हीच काहीतरी करा, भाऊजी. तुम्ही माणसांना नवे दात बसवता. हाही एक दातच समजा."

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राबरोबर सेक्रेटरींची नोटीस आली. नोटिसांची भाषा लिहिणाऱ्याला माणसं आवडत नसावीत. त्यात म्हटलं होतं: जे चालतं ते वाहन, जे चालत नाही ते सामान. वाहनतळ वाहनांसाठी आहे. सबब, आपलं सामान हलवावं. मापसाहेब तावातावाने गेले.

"अहो, इंजिन उघडं आहे. हलवू कसं?"

"चालवत न्या."

"चालत असती तर हलवायची कशाला?"

"तेच तर नोटिशीत लिहिलंय," सेक्रेटरी समाधानाने म्हणाले. दुसऱ्यांच्या तोंडावर नियम आपटण्यात मापसाहेबांचा जन्म गेला होता. तो आपल्या तोंडावर आपटला की कसा लागतो, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. शेवटी पाहुणे येईपर्यंतची मुदत मिळाली.

पिस्टन कुठेच मिळेना. सुट्या भागांच्या दुकानांत लोक गाडीचं नाव ऐकून आधी हसायचे आणि मग हळहळायचे, वारलेल्या ओळखीच्या माणसाबद्दल हळहळावं तसे. कंपनी केव्हाच मेली होती. मग दाताच्या डॉक्टरांनी मनावर घेतलं. फुटलेला पिस्टन त्यांनी दवाखान्यात नेला, खुर्चीशेजारच्या ट्रेमध्ये ठेवला, तुटलेला कोपरा मेणाने भरला, माथ्यावरचा खड्डा बुजवला आणि कवळीसाठी घेतात तसा त्याचा ठसा घेऊन प्लास्टरचा अख्खा पिस्टन ओतला. सोसायटीतले लोक दाढ दुखते असं खोटं सांगून तो बघून आले. खरंच सुबक झाला होता. आरशाचं पाप फेडायला माणूस किती झटतो!

त्या प्लास्टरवरून भट्टीवाल्याने अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन ओतला, मुद्दाम थोडा जाडा. आता तो लेथवर तासून मापात आणायचा होता. मापात! हा शब्द ऐकल्यावर मापसाहेबांच्या अंगात वारं संचारलं. रजा टाकून, ऑफिसातली मापाची पेटी काखेत मारून, ते लेथवाल्यापुढे स्टुलावर जाऊन बसले. लेथवाला त्यांना ओळखत होता. त्याच्या भावाचं किराणा दुकान होतं.

"साहेब, सिलिंडरपेक्षा केसभर कमी ठेवतो," तो चाचरत म्हणाला.

"कमी?" मापसाहेबांचा आवाज वर गेला. "माझ्यासमोर कमी?"

"तशी रीत आहे साहेब. केसभर."

"केसभर म्हणजे किती? केस हे माप कुठल्या कायद्यात आहे? कुणाचा केस? तुझा कुरळा आहे, माझा उरलेला नाही."

सोबत आलेले दाताचे डॉक्टर हळूच म्हणाले, "मापसाहेब, कवळीसुद्धा अगदी बरोब्बर बसवली ना, तर पेशंट दुसऱ्या दिवशी रडत येतो. तोंडात गरम काही गेलं, हिरडी जरा फुगली, की—"

"डॉक्टर, तुम्ही आरशाचं बघा."

डॉक्टर गप्प झाले. लेथवाल्याने भावाच्या दुकानाचा विचार केला आणि तोही गप्प झाला. पिस्टन सिलिंडरच्या मापाचा तंतोतंत, बरोब्बर, शिक्का मारावा असा झाला. आयुष्यात प्रथमच मापसाहेबांना पूर्ण माप मिळालं होतं. त्यांनी तो पिस्टन घरी आणून फुलदाणीच्या जागी ठेवला आणि जेवताना मधूनमधून त्याच्याकडे बघत राहिले. बायको म्हणाली, "लग्नात माझ्याकडे असं बघितलं नव्हतंत."

मिस्त्रीने तो बसवला. लाकडी ठोकळ्याने ठोकून ठोकून बसवला, आणि ठोकताना कपाळाला आठ्या घातल्या. पण साहेबांची मापाची पेटी उघडी होती, म्हणून काही बोलला नाही. मोठमोठे अपघात असेच होतात: ज्याला कळतं तो गप्प बसतो आणि ज्याला कळत नाही त्याच्याकडे पेटी असते.

सासऱ्यांच्या येण्याच्या आदल्या दिवशी गाडी सुरू झाली. टाळ्या पडल्या. सेक्रेटरीही नाइलाजाने टाळी वाजवायला आले. मापसाहेब ऐटीत बसले आणि गाडी फाटकाकडे निघाली. इंजिन तापलं. पिस्टनही तापला. तापलेला धातू फुगतो, हे शाळेतल्या पोराला माहीत असतं. ते मापसाहेबांनाही माहीत होतं. परीक्षेत त्यांना त्याचे गुणही मिळाले होते. पण परीक्षेतलं ज्ञान गाडीत वापरायचं असतं, हे कुणी शिकवलं नव्हतं. बरोब्बर फाटकाच्या मध्ये, ना आत ना बाहेर, गाडीने एक आचका दिला आणि ती थिजली. पिस्टन फुगून सिलिंडरला असा आवळून बसला होता की देवानेही सोडवला नसता.

मागे सेक्रेटरींची गाडी. त्यांना सोसायटी-नोंदणीच्या कचेरीत जायचं होतं.

"मापसाहेब, काढा हो गाडी!"

"गाडी कुठे आहे?" मापसाहेब घाम पुसत म्हणाले. "जे चालत नाही ते सामान. तुमच्याच सहीचं आहे."

गच्चीतून काकूंनी टाळी वाजवली. पण हा विनोद करतानाच मापसाहेबांची नजर बॉनेटवर गेली होती. त्यांना गाडीत माती दिसत होती. मातीत फुलं दिसत होती. फुलांमध्ये बसलेली बायको दिसत होती.

बायको खाली आली होती. तिने बॉनेटवर हात ठेवला, चटका बसला म्हणून काढला. "निवू द्या तिला," म्हणाली. "आणि अहो, एक विचारू? तुम्ही घरात दाराला बिजागरी बसवलीत तेव्हा फट ठेवली होतीत की नाही?"

"ठेवली होती."

"का?"

"पावसाळ्यात दार फुगतं म्हणून."

"मग?"

मापसाहेब गाडीतून उतरले. मग त्यांनी मिस्त्रीला हाक मारली. गाडी निवल्यावर पिस्टन सुटला. सगळ्यांनी ढकलून ती आत घेतली. सेक्रेटरींनी सर्वांत जोरात ढकलली, कारण त्यांची घाई सर्वांत मोठी होती. पिस्टन उतरवून पुन्हा लेथवर गेला. लेथवाल्याने भीत भीत विचारलं, "किती, साहेब?"

मापसाहेबांनी पेटी उघडलीच नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "केसभर."

"कुणाचा?"

"तुझा. कुरळा."

दुसऱ्या दिवशी गाडी स्टेशनवर पोचली. इंजिन असं चालत होतं की विचारू नका. लोण्यातून सुरी. धूर नाही, आचका नाही. पुढे मापसाहेब, मागे बायको आणि तिच्या शेजारी दाताचे डॉक्टर. पिस्टन आपलाच आहे, तर पहिल्या फेरीला आपण असायलाच हवं, असा त्यांचा हट्ट होता. सगळं उत्तम होतं. फक्त एक गोष्ट सोडून.

टक, टक, टक.

तोच आवाज. तसाच. पिस्टन गेला, आला, फुगला, सुटला. टकटक जागची हलली नव्हती. मापसाहेबांनी आरशातून मागे पाहिलं. बायकोने डोळे मिटून घेतले होते.

सासरे पुढे येऊन बसले. काठी दोन पायांमध्ये उभी धरली. गाडी निघाली. मुख्याध्यापकाने वर्गातला आवाज ऐकावा तसे ते ऐकत राहिले.

"इंजिन चांगलं आहे," ते म्हणाले. मग मान तिरकी केली. "पण हे काय खडखडतंय? मी काय म्हणालो होतो, जावईबापू? खडखडत असेल तर—"

"दात," मागून डॉक्टर म्हणाले.

"काय?"

"दात वाजतायत. मी पहिल्या दिवसापासून सांगतोय, इथे कुणी डॉक्टरचं ऐकेल तर शपथ! गाडी थांबवा."

गाडी थांबली. डॉक्टर उतरले, पुढचं दार उघडलं, सासऱ्यांच्या गुडघ्यांवरून वाकले आणि डॅशबोर्डाखाली हात घातला. आता हात घालताना त्यांचा चेहरा बदलला. तो शेजाऱ्याचा राहिला नाही, कामावरच्या डॉक्टरचा झाला. बोटं चाचपडली, थांबली, हलकेच एक गिरकी घेतली. बाहेर आली तेव्हा चिमटीत, जळमटांत गुरफटलेली, खालची एक कवळी होती. डॅशबोर्डावरच्या फटीतून ती आत घसरली होती आणि खालच्या पत्र्यापर्यंत न पोचता कित्येक वर्षं मधल्या वायरींवर अडकून निपचित पडली होती. काटा खरा करायच्या नादात मिस्त्रीने ठोसे मारले आणि ती पत्र्यावर येऊन वाजू लागली.

मापसाहेबांनी स्टिअरिंग सोडून सासऱ्यांकडे तोंड वळवलं. एवढ्या वर्षांचा आळ, एवढे समारंभ, एवढी बोटं! पुरावा समोर होता, फिर्यादी समोर होता.

सासऱ्यांनी कवळीकडे पाहिलं. हातात घेऊन, उलटी करून पाहिली. मग समोर रस्त्याकडे बघत ठणठणीत आवाजात म्हणाले, "माझी नाही."

"बसवून बघू ना," डॉक्टर उत्साहाने म्हणाले. "अर्ध्या मिनिटात कळेल. आ करा."

"माझी नाही म्हणतो ना!" म्हाताऱ्याचा आवाज चढला, पण शेवटच्या शब्दाला थोडा हलला. कवळी मात्र त्यांनी मुठीत घट्ट धरली.

मापसाहेबांनी ते पाहिलं. आयुष्यभर त्यांनी असे चेहरे पाहिले होते, तराजूच्या पलीकडचे, आणि एकदाही सोडले नव्हते. तोंडात वाक्य तयार होतं. तंतोतंत, बरोब्बर, शिक्का मारावा असं वाक्य.

"नसेल, बाबा," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाची असेल. जुनी गाडी आहे, किती लोक बसून गेले."

मागून बायकोने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिथेच राहू दिला. डॉक्टर काही बोलणार होते. तिने दुसऱ्या हाताने त्यांना गप्प केलं.

गाडी पुन्हा निघाली. अगदी निमूट. बरंच अंतर गेल्यावर सासरे खाकरले.

"धाकट्यांना सांगतो, फुलझाडं कुंडीत लावा म्हणून. कुंडी कशासाठी असते?" आणि थोड्या वेळाने, "गाडी बरी ठेवलीयत, जावईबापू. तुमच्याकडेच असू दे."

'माझी नाही' म्हटलेली कवळी त्यांनी रुमालात गुंडाळली होती आणि कोटाच्या खिशात, चष्म्याच्या पत्र्याच्या डबीशेजारी, जपून ठेवली होती. रस्ता खराब लागला. खिशातून बारीकशी टकटक येऊ लागली, आणि गाडीतल्या चौघांपैकी एकालाही ती घरापर्यंत ऐकू आली नाही.